दातांपुरते सुटे

गिरणीवालीनं बरणी दुकानाच्या फळीवर ठेवली आणि साबणाची एक वडी मागितली. दुकानदारानं वडी पुढं केली आणि पैशांसाठी हात पसरला. तिनं बरणी त्याच्याकडं सरकवली. बरणीत गोळ्या होत्या. लिंबाच्या, संत्र्याच्या आणि कशाची चव आहे ते शेवटपर्यंत न कळणाऱ्या, अगदी गळ्यापर्यंत.

"हे काय?" दुकानदारानं विचारलं.

"तुमचेच पैसे आहेत. वर्षभर सुट्याच्या जागी हेच देताय. आता हेच घ्या."

तिचं म्हणणं बरोबर होतं. त्या गावात भर पावसात कोरडं सरपण मिळालं असतं, पण दुकानदाराच्या गल्ल्यातून नाणं बाहेर निघालं नसतं. सुटे नाहीत म्हणायचं, गोळी हातावर ठेवायची आणि आपणच उपकार केल्यासारखं दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळायचं, ही त्याची रीत. पण म्हणणं बरोबर असणं आणि भांडण जिंकणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला हा फरक कळत नाही, त्यानं गावात राहू नये.

दुकानदारानं तिला अगदी शांतपणे समजावलं, की गोळी हा माल आहे, माल एकदा उंबऱ्याबाहेर गेला की परत घेत नाहीत, आणि ह्या गोळ्या तर एकमेकींना चिकटल्यात. दुकानात आणखी चार माणसं होती. ती हसली. गिरणीवालीनं घरून येताना तीन उत्तरं पाठ करून आणली होती, तिन्ही तशीच परत नेली. ती परत निघाली तेव्हा बरणी तिच्याच काखेत होती, साबण रोखीनं घेतलेला होता, आणि वरच्या सुट्याऐवजी मिळालेली आणखी एक गोळी बरणीत पडली होती.

घरी सासू उंबऱ्यात बसली होती. तिनं बरणी पाहिली, साबण पाहिला, सुनेचा चेहरा पाहिला आणि न विचारताच सगळं ओळखलं. तिच्या हिरड्या एकमेकींवर घासल्या. ती काहीतरी बोलली, पण ते शब्द ओल्या कणकेसारखे तोंडातच राहिले. मग तिनं हात झटकला आणि भिंतीकडं तोंड केलं.

ह्याच बाईला एके काळी गाव तोफ म्हणायचं. गावातली अर्धी भांडणं ती करायची आणि उरलेली अर्धी तिला विचारून व्हायची. तिच्या भांडणाला पद्धत होती. आधी समोरच्याच्या तब्येतीची चौकशी, मग त्याच्या वडिलांची आठवण, ते किती सज्जन होते वगैरे, आणि मग मुद्दा. मुद्द्यावर येईपर्यंत समोरचा निम्मा शरण आलेला असायचा. उगाच कुणाशी भांडायची नाही, पण सुरू केलेलं भांडण अर्धवट सोडायचीही नाही.

गिरणीच्या मागं त्यांचं शेत, शेताच्या टोकाला विहीर आणि विहिरीपलीकडं बांध. बांधापलीकडचं शेत सुनेच्या चुलत दिराचं. त्याचं नाव गावानं वीतभऱ्या ठेवलं होतं, कारण दर नांगरणीला तो बांधाचे दगड वीतभर अलीकडं सरकवायचा. वीतभरच, दीड वीत कधी केली नाही. माणूस शिस्तीचा.

तोफेला दात होते तोवर तो बांध जागचा हलला नव्हता. मग दात पडायला लागले. दात पडत गेले तसा बांध सरकत गेला. शेवटचा दात पडला त्या वर्षी म्हातारी काठी टेकत बांधावर गेली होती आणि तिनं तोंड उघडलं होतं. वीतभऱ्यानं कानाला हात लावून सगळं ऐकून घेतलं आणि चार माणसांत अदबीनं म्हणाला, "काकू, नीट बोला की. काही कळत नाही." माणसं हसली, एक तर हसता हसता बांधावर बसला. त्या दिवसापासून म्हातारी शेताकडं फिरकली नाही. सुनेनं ते हसणं ऐकलं होतं. तिला त्या रात्री जेवण गेलं नव्हतं आणि पुढंही कितीतरी दिवस ते आठवलं की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं.

आता सात वर्षांत सात वीत गेल्या होत्या, आणि बांध विहिरीच्या कठड्यापासून एका वितीवर येऊन थांबला होता. यंदाच्या नांगरणीला तो कठड्याला लागणार, आणि मग वीतभऱ्या म्हणणार की विहीर सामाईक आहे. सामाईक विहिरीचं पाणी कुणाला मिळतं हे सांगायला नको. ज्याचा आवाज मोठा त्याला.

गिरणीवाल्याचा आवाज मोठा नव्हता. खरं तर त्याला आवाजच नव्हता. इतकी वर्षं पट्ट्याच्या धडधडीत उभं राहून त्याची बोलायची सवय गेली होती. काय सांगायचं ते तो हातानं सांगायचा, आणि हातवाऱ्यांनी कुणी बांध परत देत नाही. एकदा त्यानं मोजणीवाले आणले होते. त्यांनी दिवसभर साखळी ओढली, चहा घेतला, आणि इथं दोन शेतं आहेत असं लिहून देऊन गेले.

म्हणजे घरात भांडता येणारं माणूस एकच, आणि त्याला दात नव्हते. सुनेनं ठरवलं की सासूला दात बसवायचे, नांगरणीच्या आधी.

मोठ्या गावात दातांचा डॉक्टर होता. अंड्यांच्या पैशांतून थोडी रक्कम आगाऊ भरून तिनं सासूच्या हिरड्यांचं माप देऊन आणलं. म्हातारी तयार नव्हती. मेलेल्या माणसांचे दात असतात ते, म्हणाली. पण माप देताना तिनं तोंड इतकं मोठं उघडलं की डॉक्टरांना दोनदा बोटं बाहेर काढून घ्यावी लागली. महिन्याभरात निरोप आला, दात तयार आहेत, उरलेले चार हजार आणा आणि घेऊन जा. तेव्हापासून घरी कुणी आलं की म्हातारी खुणेनं सांगायची, माझे दात आहेत, पण सध्या परगावी आहेत.

चार हजार ऐकून गिरणीवाल्यानं दोन्ही हात वर केले. गिरणीत येणारा पैसा पट्ट्याला, मोटारीला आणि बियाण्याला जात होता, उरत काही नव्हतं. बायको म्हणाली की मी जमवते, सुट्या सुट्यातून. तेव्हा तो त्या महिन्यातलं पहिलं पूर्ण वाक्य बोलला.

"दात कोरून पोट भरत नाही."

"पोट नाही भरायचंय," ती म्हणाली. "दातच आणायचेत."

सुरुवात गोळ्यांपासून झाली. तिनं बरणी गरम पाण्यात धरून गोळ्या सुट्या केल्या आणि गिरणीच्या चौकटीपाशी ठेवली. दळण होईपर्यंत आयांबरोबर आलेली पोरं रडत बसायची. नाणं टाकलं की गोळी, असं तिनं सांगितलं. आया नाणी टाकायला लागल्या, कारण रडण्यापेक्षा ते स्वस्त होतं. बरणी रिकामी झाली आणि डब्यात नाण्यांचा चांगला ढीग जमला. दुकानदारानं फुकट घालवलेले पैसे दुसऱ्या दारानं परत आले. पण हे एकदाच होणारं होतं, बरणी काही स्वतःहून भरत नाही. पुढचा विचार तिला बसथांब्यावर सुचला.

सकाळच्या गाडीला सगळे नोटा काढायचे आणि कंडक्टर सगळ्यांवर ओरडायचा. संध्याकाळी त्याच कंडक्टरच्या पिशवीत नाणी अशी भरलेली असायची की तो एका बाजूला कलून चालायचा आणि ती मोजून भरायच्या नावानं शिव्या घालायचा. गिरणीवालीनं हे दोन-तीन दिवस उभं राहून पाहिलं. मग एका संध्याकाळी ती नोट घेऊन त्याच्यापुढं गेली आणि म्हणाली, तुमचं ओझं मला द्या. त्यानं आनंदानं शंभराला शंभर मोजून दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच ओझं घेऊन ती उभी राहिली.

"शंभराच्या नोटेला पंचाण्णव," ती म्हणाली.

"आणि पाच?"

"ती माझी. रात्रभर सांभाळलं त्याची."

कंडक्टरनं तिच्याकडं पाहिलं, गाडीत भरलेल्या माणसांकडं पाहिलं आणि नोट काढून दिली. त्याला पाच कसे परवडत होते ते विचारायचं नसतं.

आठव्या दिवशी कंडक्टरनं सत्त्याण्णव मागितले तेव्हा तिनं पिशवीचं तोंड बांधलं आणि घराकडं चालायला लागली. त्यानं खिडकीतून हाक मारली. ती थांबली, पण वळली नाही. हा धडा तिला कुणी शिकवला नव्हता. गाडीला वेळ असते आणि पिशवीला नसते, एवढंच तिच्या ध्यानात आलं होतं.

मग दुकानदार आला. स्वतः आला. बाजूच्या गावातली गिऱ्हाइकं गोळ्या घ्यायला तयार नव्हती, त्यांना नाणी लागत होती. तिनं त्याला बसायला पाट दिला, पाणी दिलं आणि भाव सांगितला, पंचाण्णव. तो म्हणाला, आपण गाववाले. ती म्हणाली, म्हणूनच पंचाण्णव.

धंद्याला भांडवल लागतं. आज घेतलेली नाणी उद्या जायची, परवा पुन्हा लागायची, आणि गिऱ्हाइकं वाढत होती. शिलकीतल्या अंड्यांच्या पैशांनी पुरेना, तेव्हा तिनं आपल्या कोंबड्या विकायला काढल्या. घ्यायला पुढं आली ती वीतभऱ्याची बायको. तिनं भाव पाडून मागितल्या आणि गिरणीवालीनं दिल्या. नडलेल्या माणसानं गिऱ्हाइकाचं घर बघायचं नसतं.

नाणी आणखी लागत होती म्हणून तिनं गिरणीत नियम काढला. जो दळणाचे पैसे सुटे देईल त्याचा डबा आधी, नोटवाल्याचा मागून. गिरणीवाल्यानं हातानं विचारलं, हे काय. तिनं हातानंच सांगितलं, चालू दे. आता बायका दळण घेऊन यायच्या त्या मुठीत नाणी आवळूनच. घरी नाणं आलं की ते दळणासाठी बाजूला पडायचं. दुकानात कुणी नाणं काढीना. मग दुकानदाराला जास्त लागायची आणि ती गिरणीवालीच देऊ शकायची. विहिरीतलं पाणी उपसून तिच्याच कठड्यावर विकावं तसा हा कारभार होता, पण चालत होता. डब्यात पीठमाखले पैसे वाढत होते आणि नांगरणीला अजून दोन महिने होते.

आता गावात एखाद्याचं बरं चाललं की ते दुसऱ्याला कळल्याशिवाय राहत नाही. न्हाव्यानं हिशेब केला की शंभराला पाच म्हणजे दाढी न करता दाढीचे पैसे. त्यानं नाणी साठवायला घेतली. मग दूधवाल्यानं घेतली. मग शिंप्यानं, सुतारानं आणि ज्यांना कसलाच धंदा नव्हता त्यांनी तर सगळ्यात आधी. घरोघरी डबे भरले. प्रत्येक जण बसथांब्यावर पिशवी घेऊन उभा, आणि प्रत्येकाचा भाव पंचाण्णव. कंडक्टरला एकाचे दोन आणि दोनाचे चार भेटायला लागले तसा तो अठ्ठ्याण्णववर आला. तेव्हा सगळ्यांनी पिशव्या घरी नेल्या आणि ठरवलं की भाव चढेपर्यंत नाणं बाहेर काढायचं नाही.

अशा रीतीनं गावात पैसा भरपूर झाला आणि दिसेनासा झाला. चहाची टपरी दोन दिवस बंद राहिली, कारण चहा पाचाचा आणि सगळ्यांकडं शंभराच्या नोटा. न्हाव्याच्या डब्यात नाणी होती, पण न्हावी गिऱ्हाइकाला सुटे नाहीत म्हणून सांगायचा, आणि ते सांगताना त्याला जराही अवघड वाटायचं नाही. मग दुकानदारानं तोड काढली. गोळ्या कुणी घेत नव्हतं, म्हणून तो अंडं द्यायला लागला.

अंडं सहाला ठरलं. लोकांना ते पटलं, कारण अंडं निदान खाता येतं. दुकानातून अंडं घ्यायचं, न्हाव्याला द्यायचं, न्हाव्यानं दूधवाल्याला द्यायचं. एकेक अंडं गावात चार चार दिवस फिरायचं आणि शेवटी ज्याच्याकडं यायचं तो ते हलवून, कानाशी धरून, मान हलवत परत करायचा. अर्ध्या अंड्याचे तीन सुटे राहिले तर दुकानदार म्हणायचा, राहू द्या, उद्या आणखी काहीतरी घ्या म्हणजे अंडं पुरं होईल. कंडक्टरसुद्धा अंडी घ्यायचा. घेत होता, एके दिवशी खड्ड्यात गाडी आदळून तो स्वतःच्या पिशवीवर बसेपर्यंत.

ह्या सगळ्यात गावातल्या सगळ्यात जास्त कोंबड्या वीतभऱ्याच्या दारात होत्या. त्यातल्या निम्म्या गिरणीवालीच्या. त्याची बायको सकाळी खुराड्यात हात घालायची आणि टाकसाळीतून काढावेत तसे पैसे काढायची. ती अंड्यांची पाटी घेऊन गिरणीवरून जाताना मुद्दाम हळू चालायची. गिरणीवाली ते बघत दारात उभी राहायची. तिला कुणाचा राग यावा तेच कळत नव्हतं. करायला गेलं काय आणि वर झाले पाय.

तिच्या पंचाण्णवच्या भावाला आता कुणी विचारेना. नांगरणी पाच दिवसांवर आली. तिनं डबा जमिनीवर पालथा केला आणि मोजलं. अडतीसशे. पुन्हा मोजलं, कारण कधी कधी दुसऱ्यांदा जास्त भरतात. अडतीसशेच भरले. दोनशे कमी होते आणि ते कुठून येणार हे तिला दिसत नव्हतं. उसने मागावेत तर सगळ्यांचे पैसे डब्यात अडकलेले, आणि डबा उघडायला कुणी तयार नाही.

ती मोजत असताना म्हातारी खाटेवरून बघत होती. मग उठून आली, सुनेसमोर बसली आणि नाण्यांवरचं पीठ आपल्या हातानं पुसायला लागली. एकेक नाणं. सुनेला वाटलं, दात नाही आले तरी चालतील, पण हिला पुन्हा कुणी हसायला नको.

दुसऱ्या दिवशी नाण्यांची पिशवी मांडीवर घेऊन दोघी गाडीत बसल्या. कंडक्टरनं पिशवीकडं बघून सुस्कारा सोडला, पण भाव विचारला नाही, त्याला आता सगळा गाव भाव सांगत होता.

डॉक्टरांकडं गर्दी होती. टेबलाशी बसलेली बाई येणाऱ्या प्रत्येकाला आधी नाव विचारायची आणि मग, सुटे आहेत का. कुणाकडं नव्हते, सुट्यांची टंचाई गाडीबरोबर इथंही पोचली होती. एक जण दात काढून गाल धरून बसला होता, कारण त्याला परत द्यायला पन्नास नव्हते. खुर्चीवरच्या माणसाच्या तोंडात कापूस होता. गिरणीवालीनं हे सगळं पाहिलं.

तिनं पिशवी टेबलावर ठेवली. टेबल हललं, आणि थोडं पीठ उडालं.

"बाई, हे पीठ आहे की पैसे?" डॉक्टर म्हणाले.

"दोन्ही."

"किती आहेत?"

"अडतीसशे. म्हणजे चार हजार."

डॉक्टरांनी चष्मा काढला. अडतीसशे म्हणजे अडतीसशेच, असं ते म्हणाले. तिनं सांगितलं की नोटेत अडतीसशे असते तर अडतीसशेच होते, पण हे सुटे आहेत आणि शंभराच्या नोटेला पंचाण्णव हा सुट्यांचा भाव आहे. हिशेब करून बघा, बरोबर चार हजार होतात, एक पैसा वर नाही.

"सुटे बँकेत फुकट मिळतात," डॉक्टर म्हणाले.

"मिळतात. आणायला कुणाला पाठवा. तिथं रांग आहे, येताना बघितली मी. तोवर पिशवी इथंच ठेवते, काही घाई नाही."

तिनं खरंच पिशवीचं तोंड बांधलं आणि खाली बसली. गाल धरून बसलेला माणूस डॉक्टरांकडं बघायला लागला. कापूसवाल्यानं खुर्चीवरूनच हात वर करून, घ्या, घ्या, अशी खूण केली. टेबलाशी बसलेली बाई तर पिशवीची गाठ सोडायलाही लागली होती. बोलणाऱ्याचा कोंडा विकतो आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात म्हणतात ते काही उगाच नाही. डॉक्टरांनी कपाट उघडलं.

दात बसवल्यावर म्हातारी आरशात बराच वेळ बघत राहिली. डॉक्टरांनी सांगितलं, आठ-पंधरा दिवस बोलायची घाई करू नका, मऊ खा, हळूहळू बसतील. म्हातारीनं मान हलवली आणि मनात काय आहे ते कुणाला कळू दिलं नाही.

चारच दिवसांनी वीतभऱ्या बैल घेऊन शेतात उतरला. नेमाप्रमाणे त्यानं आधी बांधाच्या दगडांना हात घातला. म्हातारी दात घालून बसलीच होती. ती उठली, काठी घेतली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा शेताच्या वाटेला लागली. सून मागोमाग निघाली. रस्त्यात बघणाऱ्यांनी बघितलं आणि बघणारे मागून यायला लागले.

बांधाला लागूनच पलीकडं काकडीचे वेल होते. ते वीतभऱ्यानं लावले होते, गिळलेल्या वितींवर, विहिरीच्या पाझरावर. वेल भरले होते.

"या काकू," वीतभऱ्या म्हणाला. "बऱ्याच दिवसांनी. तब्येत बरी आहे ना?"

ही म्हातारीचीच पहिली पायरी होती. म्हातारीनं तोंड उघडलं. वरचे दात सुटून खालच्या दातांवर पडले आणि टक्कन आवाज झाला. तिनं तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. पुन्हा टक्क. मागून कुणीतरी खोकला, तो खोकला नव्हता. वीतभऱ्यानं कानाला हात लावला.

सुनेला रडू येईल असं वाटलं. सहा महिने ज्यासाठी पिशवी वाहिली ते सगळं त्या एका आवाजात बुडालं होतं. आणि मग तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"भाऊजी, तुमच्याकडं आमचं येणं आहे."

"कसलं येणं?"

"सात वीत."

वीतभऱ्या हसला. "वहिनी, जमीन म्हणजे सुटे पैसे आहेत का?"

"तुम्ही तशीच नेलीत की. थोडी थोडी, कुणाला कळू नये अशी. मीही थोडं थोडंच जमवते, पण समोरच्याला भाव सांगून. कोंबड्या विकल्या तेव्हा तुमच्याकडून पैसे घेतले. जमीन विकल्याचं मला आठवत नाही."

मागचे हसणारे थांबले. वीतभऱ्यानं पुरावा मागितला.

"पुरावा नाही," ती म्हणाली. "गिरणी आहे. आजपासून तुमच्या डब्याचा नंबर शेवटचा. सगळ्यांचं दळून झालं की तुमचं. आणि सगळ्यांचं कधी होतच नाही भाऊजी, रोज नवे डबे येतात."

"दुसऱ्या गावात गिरणी आहे."

"आहे. गाडीनं जावं लागेल. डब्याचं वेगळं तिकीट पडतं, आणि कंडक्टर आता अंडी घेत नाही."

ती थांबली नाही. तिला थांबता येत नव्हतं. सात वर्षांचं काय काय आत साठलं होतं; मोजणीवाल्यांचा चहा, त्या दिवशीचं हसणं, बांधावर बसून हसलेला माणूस, त्यालाही तिनं नावानिशी बाहेर काढलं आणि तो मागच्या मागं गेला. बैलांनी खाली मान घातली. शेवटी वीतभऱ्याची बायकोच औताजवळून ओरडली, की काय ते देऊन मोकळे व्हा, घरातलं पीठ परवा संपतंय.

वीतभऱ्या एक वीत म्हणाला. ती सात म्हणाली. तो दोनवर आला, तिनं पाठ फिरवली आणि चालायला लागली. त्यानं हाक मारली. ती थांबली, पण वळली नाही. पाचावर तोड निघाली. राहिलेल्या दोन विती पुढच्या नांगरणीला, असं तिनं चार माणसांत बोलून घेतलं. गिरणीवाला गिरणी बंद करून कधी आला होता कुणी पाहिलं नव्हतं. त्यानं अंगरख्याच्या बाह्या वर केल्या आणि तो दगड उचलायला लागला.

पाचव्या वितीवर शेवटचा दगड बसला. काकडीचे वेल आता अलीकडं होते.

"चला आई," सून म्हणाली. तिचा घसा बसला होता.

म्हातारी हलली नाही. ती वाकली, वेलाखालून एक काकडी तोडली, हातानं पुसली आणि पुतण्याच्या डोळ्यांत डोळे घालून चावली. कडाक्कन आवाज झाला. दात जागेवर राहिले. तिनं सावकाश चावून घास गिळला, आणि मग त्या शेतातल्या सगळ्यांना नीट ऐकू जाईल असं बोलली.

"कडू आहे."

आणि दुसरा घास घेतला.